ब्रेकला चामडं लावणारी बर्था

जर्मनीतल्या फोर्ट्सहाइम या गावात ३ मे १८४९ रोजी रिंगर यांच्या घरी मुलगी झाली. हे गाव सोन्याच्या दागिन्यांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध. वडील कार्ल फ्रीडरिश रिंगर सुतारकाम आणि बांधकामाच्या धंद्यात चांगलं कमावून बसलेले. घरातल्या मुलांच्या जन्माची नोंद बायबलच्या पानावर करायची त्यांच्याकडे रीत होती. त्याप्रमाणे वडिलांनी नोंद केली आणि पुढे लिहून ठेवलं, की दुर्दैवाने पुन्हा मुलगीच झाली. मोठेपणी ती नोंद या मुलीच्या वाचनात आली आणि तिच्या जिवाला लागली, अशी हकिगत सांगतात.

मैत्रिणींनो, ही नोंद वाचून तुम्हाला ओळखीचं काही आठवलं असेल, तर त्यात नवल नाही. देश वेगळा, धर्म वेगळा, पण सूर तोच. फरक एवढाच, की या मुलीचं नाव आज साऱ्या जगाला माहीत आहे. ती म्हणजे बर्था बेंझ. मोटारगाडीचा लांबचा प्रवास जगात सर्वांत आधी करणारी बाई. आणि मला तिच्याबद्दल विशेष प्रेम वाटतं ते आणखी एका गोष्टीसाठी. ब्रेक झिजला तर त्याला चामडं ठोकून घ्यावं, ही युक्ती तिची.

बर्थाच्या लहानपणी मुलींच्या शाळा होत्या, पण त्या चांगल्या घरच्या मुलींना चांगली गृहिणी बनवण्यासाठी. विद्यापीठाचं दार तर बंदच. बर्था ज्या बाडेन राज्यात जन्मली, तिथे मुलींना विद्यापीठात रीतसर प्रवेश मिळाला तो १९०० साली, म्हणजे ती पन्नाशी ओलांडून गेल्यावर. पण बर्थाला यंत्रांचं आकर्षण होतं. एखादी वस्तू चालते कशी, हे तिला समजून घ्यायचं असे.

अशा मुलीची गाठ पडली कार्ल बेंझ या तरुण इंजिनिअरशी. कार्ल हुशार, पण खिशाने रिकामा. आगगाडीचं इंजिन चालवणाऱ्या वडिलांचा हा मुलगा. वडील लहानपणीच वारले, आईने काटकसर करून शिकवलं. घोड्याशिवाय चालणारी गाडी करायची, हा एकच ध्यास त्याच्या डोक्यात. १८७१ साली त्याने मानहाइम शहरात ऑगस्ट रिटर नावाच्या भागीदाराबरोबर छोटा कारखाना काढला. भागीदार भरवशाचा निघाला नाही आणि कारखाना बुडायच्या बेताला आला.

आता इथे बर्थाने काय केलं बघा. त्यांचं लग्न अजून व्हायचं होतं. लग्नात मुलीला माहेरून रक्कम देण्याची तिकडे पद्धत होती. आपण हुंडा म्हणतो, पण ती रक्कम नवऱ्या मुलाच्या बापाच्या हातात जात नसे. आपल्या स्त्रीधनाच्या जवळची गोष्ट. बर्थाने वडिलांकडून ती रक्कम लग्नाआधीच मागून घेतली आणि त्या पैशातून भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन कार्लला मोकळं केलं. मग २० जुलै १८७२ रोजी लग्न झालं.

त्यातली मेख अशी, की लग्न होईपर्यंत तो पैसा तिचा होता. लग्न झाल्याबरोबर त्या काळच्या कायद्याने बायकोच्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे गेला. म्हणजे जिच्या पैशावर कारखाना उभा राहिला, तिला त्या कारखान्यात कागदावर काहीच जागा नाही. कार्ल माणूस चांगला होता, त्याने बायकोला कधी कमी लेखलं नाही. पण चांगला नवरा मिळणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं, हे आपल्याला सांगायला नको.

संसार सुरू झाला. १८७३ साली ऑयगेन, १८७४ साली रिशार्ड, मग क्लारा आणि टिल्डं या मुली. सर्वांत धाकटी एलेन पुढे १८९० साली झाली. घरात पैशाची ओढाताण कायमची. आलेला पैसा यंत्रात जायचा आणि यंत्र तर चालायचं नाव घेत नव्हतं. १८७९ सालची अखेरची रात्र त्या दोघांनी जन्मभर लक्षात ठेवली. वर्ष संपत आलं होतं, हाती काही नव्हतं. जेवणं झाल्यावर बर्थाच म्हणाली, की चला, पुन्हा एकदा करून बघू. दोघं रात्री कारखान्यात गेली, इंजिन फिरवलं आणि त्या रात्री ते चाललं. बंद पडलं नाही. तो एकसारखा आवाज ऐकत दोघं तिथेच उभी राहिली. गावातल्या चर्चच्या घंटा नव्या वर्षासाठी वाजू लागल्या, तरी त्यांचं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडेच.

पुढे २९ जानेवारी १८८६ रोजी कार्लने तीन चाकांच्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंटचा क्रमांक ३७४३५. मोटारीचा जन्मदाखला म्हणून आज तो कागद दाखवला जातो. पेटंट बेंझ कंपनीच्या नावावर. बर्थाचं नाव त्यात नाही. त्याच वर्षी ३ जुलैला मानहाइमच्या रस्त्यावर गाडी लोकांसमोर फिरवली. वर्तमानपत्रात बातमी आली, बघे जमले, आणि गिऱ्हाईक मात्र येईना. ही धूर सोडणारी, फटफट वाजणारी वस्तू गावाबाहेर नेली तर परत येईल का, याची कुणालाच खात्री नव्हती.

खरं सांगायचं तर कार्ललाही नव्हती. तो कारागीर माणूस. आणखी सुधारू, आणखी तपासू, यात त्याचे दिवस जात. आपला माल चौकात उभं राहून विकणं त्याच्या स्वभावात नव्हतं. बर्थाला मात्र दिसत होतं, की ही गाडी लांब जाऊन आल्याशिवाय कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि विश्वास बसला नाही, तर तिचा पैसा, त्याची सोळा-सतरा वर्षं आणि मुलांचं भवितव्य, सगळंच बुडणार होतं.

ऑगस्ट १८८८. शाळांना सुट्ट्या लागलेल्या. बर्था ३९ वर्षांची, ऑयगेन १५ चा, रिशार्ड १३ चा. एके दिवशी पहाटे, कार्ल झोपलेला असताना, या तिघांनी कारखान्यातून गाडी बाहेर काढली. आवाजाने तो जागा होऊ नये म्हणून ती थोडी लांब ढकलत नेली आणि मग इंजिन चालू केलं. घरात चिठ्ठी ठेवली होती, की आम्ही फोर्ट्सहाइमला आईकडे जातोय. गाडी घेऊन जातोय, हे कार्लला कारखान्यात गेल्यावरच कळलं असणार.

मानहाइम ते फोर्ट्सहाइम हे अंतर शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. आपल्याकडचं पुणे ते सातारा समजा. पण डांबरी सडक नाही, बैलगाडीच्या चाकोऱ्या पडाव्यात तशा घोडागाड्यांच्या चाकोऱ्या. नकाशा नाही, पाटी नाही, पेट्रोल पंप नाही, गॅरेज नाही. गाडीला तीन चाकं, वर छप्पर नाही, आणि एकच सिलिंडर.

पहिली अडचण इंधनाची. गाडी लिग्रोइन नावाच्या द्रवावर चालायची. कपड्यांवरचे डाग काढायला ते वापरत आणि औषधाच्या दुकानात मिळे. गाडीत ते साडेचार लिटरच्या आसपास मावायचं. वीसलोख गावी पोचल्यावर बर्थाने तिथल्या विली ओकेल या औषधविक्रेत्याच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं, त्याच्यासमोर स्मारकही उभं आहे.

दुसरी अडचण पाण्याची. इंजिन थंड ठेवायला पाणी लागायचं आणि ते वाफ होऊन उडून जायचं. म्हणून वाट्टेल तिथे थांबून पाणी भरायचं, मग विहीर असो, ओढा असो की खाणावळ. मग इंधनाच्या नळीत कचरा अडकला. बर्थाने टोपीला लावायची लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली. एका तारेवरचं वेष्टण झिजलं, तर मोजा बांधायची गार्टरची पट्टी तिला गुंडाळली. साखळी सैल झाली, तर ब्रुखजाल गावच्या लोहाराकडून ठीक करून घेतली. चढावर गाडी दम टाकायची, मग उतरून ढकलायची. वाटेतली माणसंही हात लावायची.

आणि उताराला लागल्यावर प्रश्न आला ब्रेकचा. हाताने दांडा ओढला की लाकडी ठोकळे दाबले जात आणि घासून गाडीचा वेग कमी होई. पण लांबच्या उतारांवर सारखं दाबून दाबून ते लाकूड झिजलं. गाडी आवरेना. चढावर बंद पडलेली गाडी माणसं ढकलू शकतात, पण उतारावर सुटलेली गाडी कोण धरणार? शेजारी पोटची दोन पोरं बसलेली. फोर्ट्सहाइमजवळच्या बाउशलॉट गावात बर्था मोच्याकडे गेली. बुटाच्या तळाला ठोकतात तसं चामडं त्या लाकडी ठोकळ्यांवर ठोकून घेतलं. ब्रेक पुन्हा धरू लागला. मोटारीच्या ब्रेकला लावलेलं हे पहिलं अस्तर.

मला या प्रसंगाचं फार कौतुक वाटतं, त्याचं कारण सांगते. चाक थांबवायचं म्हणजे कशाने तरी घासून थांबवायचं. आणि घासलं की काहीतरी झिजणारच. मग झिजायचं ते असं असावं, की जे चांगलं धरतं, स्वस्त आहे आणि काढून दुसरं लावता येतं. आजच्या मोटरसायकलचे ब्रेक पॅड, स्कूटीचे लायनर, ट्रकचे लायनर, सगळ्यांच्या मागे हाच विचार आहे. बर्थाने तो पुस्तकातून शिकला नव्हता. बूट झिजू नये म्हणून तळ बदलतात, हे प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक असतं. तिने ते ज्ञान नेमक्या जागी वापरलं. आपण ब्रेक शू हा शब्द रोज वापरतो. तो शब्द बर्थाच्या आधीपासूनचा आहे, गाड्यांच्या चाकाखाली अडवण सरकवत त्यावरून आलेला. पण ब्रेकचा शू मोच्याने दुरुस्त करावा, हा योगायोग गमतीचा आहे खरा.

चामड्याचे दिवस पुढे संपले. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रेकसाठी खास अस्तर बनवायचा उद्योग सुरू केला. नंतर कित्येक वर्षं ॲसबेस्टॉस वापरलं गेलं, कारण ते उष्णतेला दाद देत नाही. पण त्याचे बारीक तंतू फुप्फुसात जाऊन जीवघेणे आजार होतात, हे कळल्यावर बऱ्याच देशांनी ते बंद केलं. म्हणूनच ब्रेकवरची धूळ कधी तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

आता जरा आपल्या अंगणात येऊ. आमच्या घरी मागे डिस्क ब्रेक असलेली मोटरसायकल आहे. तिचे मागचे पॅड मी घरीच बदलते. फार मोठी विद्या नाही ती. गाडी डबल स्टँडवर लावायची, इंजिन आणि डिस्क गार होऊ द्यायची. पॅड धरून ठेवणारी पिन आधी थोडी सैल करायची, मग कॅलिपरचे बोल्ट काढायचे. जुने पॅड आत असतानाच पिस्टन हळूहळू मागे दाबायचा, कारण नवे पॅड जाड असतात, त्यांना जागा लागते. त्या वेळी ब्रेक ऑइलच्या डबीकडे लक्ष ठेवायचं, तेल वर येतं. ते रंगावर सांडलं तर रंग जातो, लगेच पाण्याने धुवायचं. मग जुने पॅड काढून नवे बसवायचे, दोन्ही एकदम, एकच कधी नाही. पातळ पत्र्याची स्प्रिंग जशी होती तशी बसवायची. पॅडच्या पुढच्या बाजूला किंवा डिस्कला तेलकट हात लागू द्यायचा नाही. बोल्ट आणि पिन घट्ट करायच्या, किती घट्ट ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं. गाडी हलवण्याआधी ब्रेकचा पायडल टणक लागेपर्यंत पायाने दाबत राहायचं. पहिल्या दाबात तो खाली जातो, कारण पिस्टन मागे गेलेला असतो. हे विसरून कुणी तसंच रस्त्यावर गेलं, तर ब्रेकच लागणार नाही. सुरुवातीचे काही दिवस नवे पॅड नीट बसेपर्यंत गाडी जपून चालवायची.

तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या स्कूटीला मागे ड्रमचा ब्रेक असेल. त्यात पॅडऐवजी लायनर असतात. ब्रेकचा दांडा पूर्वीपेक्षा फार आत यायला लागला, मागे घासल्याचा आवाज यायला लागला, की समजायचं, वेळ आली. काम स्वतः करायचा धीर होत नसेल, तर खुशाल गॅरेजवाल्या दादांकडे द्या. पण तिथे उभं राहून बघा, आणि जुने लायनर दाखवायला सांगा. मुलीला शाळेत सोडायला आपण जातो, बाजारात आपण जातो, घाटातून माहेरी आपण जातो. मग ब्रेक कसा आहे हे नवऱ्याला किंवा भावालाच माहीत असावं, हे काही बरोबर नाही.

असो. बर्थाकडे वळू. संध्याकाळ होता होता तिघंही धुळीने माखून फोर्ट्सहाइमला पोचली. बर्थाने कार्लला सुखरूप पोचल्याची तार केली. काही दिवस माहेरी राहून ती त्याच गाडीने दुसऱ्या वाटेने मानहाइमला परत आली. जाऊन येऊन सुमारे १९४ किलोमीटर. वाटेत ज्यांनी ज्यांनी ती गाडी पाहिली, त्यांच्यात चर्चा झाली. कुणी घाबरलं, कुणी हसलं, पण गाडी गेली आणि आली, हे सगळ्यांनी पाहिलं.

परत आल्यावर बर्थाने नवऱ्याला काय कमी पडतं ते सांगितलं. चढावर गाडी ओढत नाही, चढासाठी वेगळा गिअर हवा. ब्रेकला अस्तर हवं. कार्लने ऐकलं आणि गाडीत त्याप्रमाणे बदल केले. आपण आज गाडीची चाचणी घेणं म्हणतो, ते हेच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. हळूहळू गिऱ्हाईक येऊ लागलं. १८९४ पासून बेंझ वेलो ही छोटी, स्वस्त गाडी विकायला आली आणि १९०० च्या सुमारास बेंझ कंपनी जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी झाली.

पुढे कंपनीच्या कारभारात मतभेद झाले आणि १९०३ साली कार्ल त्यातून बाजूला झाला. बेंझ कुटुंब जवळच्याच लाडेनबुर्ग गावी राहायला गेलं, तिथे मुलांबरोबर नवा कारखाना काढला. १९२६ साली बेंझ आणि डाइमलर या दोन कंपन्या एक झाल्या. कार्लने म्हातारपणी आठवणी लिहिल्या, त्यात सगळे सोडून गेले तरी बायको पाठीशी होती, हे मोकळेपणाने कबूल केलं. ४ एप्रिल १९२९ रोजी तो वारला. बर्था त्यानंतर पंधरा वर्षं जगली. ३ मे १९४४ रोजी, तिच्या पंचाण्णवाव्या वाढदिवशी, कार्ल ज्या कार्ल्सरूच्या तंत्रशाळेत शिकला होता, तिने बर्थाला मानद सिनेटर केलं. ज्या काळात जन्मली त्या काळात जिथे तिला पाऊल टाकता आलं नसतं, तिथला हा मान. दोन दिवसांनी, ५ मे रोजी, ती गेली.

आता नावाची गंमत बघा. मर्सिडीज हे एका मुलीचं नाव, डाइमलरच्या गाड्या विकणाऱ्या एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या लेकीचं. बेंझ हे कार्लचं आडनाव. आपल्या चाकणलाही या नावाच्या गाड्या तयार होतात. त्या नावात कार्ल आहे, व्यापाऱ्याची लेक आहे, आणि जिने हुंड्याचा पैसा घातला, जिने गाडी रस्त्यावर नेऊन दाखवली, ती बर्था म्हणून त्यात नाही. तिचा वाटा आहे तो नवऱ्याच्या आडनावातूनच.

उशिरा का होईना, हिशेब थोडा चुकता झाला. २००८ साली तिने केलेल्या त्या जाण्या-येण्याच्या वाटेला तिचं नाव देण्यात आलं. तिथे रस्त्याच्या कडेला आता पाट्या आहेत. अमेरिकेत मोटार उद्योगातल्या मोठ्या माणसांची नावं ज्या दालनात लावतात, तिथे कार्लचं नाव १९८४ साली लागलं आणि बर्थाचं २०१६ साली. मध्ये बत्तीस वर्षं गेली.

तिच्या आयुष्याकडे पाहताना मला एक गोष्ट जाणवते. ती बंड करायला निघाली नव्हती. नवऱ्याचं काम लोकांपर्यंत पोचावं, घर सावरावं, एवढंच तिला हवं होतं. पण त्यासाठी गाडीची प्रत्येक खोड तिने माहीत करून घेतली होती. म्हणूनच वाटेत नळी तुंबली तेव्हा ती रडत बसली नाही आणि ब्रेक झिजला तेव्हा तिला मोच्याचं दुकान आठवलं. धाडसाचं सगळे बोलतात. मला त्यामागची माहिती मोठी वाटते. रोज जी वस्तू आपण वापरतो, मग ती स्कूटी असो, मिक्सर असो की बँकेचं पासबुक, तिच्या आत काय चाललंय हे एकदा उघडून बघावं. या रविवारी निदान स्कूटीच्या मागच्या चाकाशी बसून ब्रेककडे तरी बघा.